शपथेत मुदत लिहिलेली नव्हती

नाना गेल्याचं मला भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. मी गवार निवडत बसले होते. 'नाना गेले. अंत्यविधी अकरा वाजता' एवढाच मजकूर, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मधेच एकाने अंगठा दाखवला होता, तो कोणीतरी झापल्यावर त्याने काढून टाकला. मी परात बाजूला सरकवली आणि फोन पालथा घातला... मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू आलं, पण ते नंतर. हे छापून यावं असं काही नाही, पण नानांवर लिहायचं आणि पहिल्याच परिच्छेदात सोंग आणायचं हे मला जमणार नाही. त्या माणसाने मला कित्येक वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, एकच प्रश्न विचारला होता. मी दर वेळी एकच उत्तर दिलं होतं आणि ते खोटं होतं. आता विचारणारा गेला होता.

नाना म्हणजे माझ्या यजमानांचे लांबचे चुलते. आडनाव सांगून उपयोग नाही, कात्रजच्या पलीकडच्या आमच्या गावात निम्म्या घरांवर तीच पाटी आहे. त्यांचं घर खालच्या आळीत, ओढ्याच्या कडेला. आमचं वर, रस्त्याला लागून. त्यांच्या वयाचे बाकीचे शेती आणि दूध बघत असताना हे मॅट्रिक होऊन शिवाजीनगरच्या कोर्टात कारकून म्हणून चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. डबा, छत्री आणि सिटी बस. न्यायाधीशांच्या पुढ्यात खालच्या टेबलाशी जो कारकून बसतो, तो ते. साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याला शपथ द्यायचं काम त्यांच्याकडे. 'खरं सांगेन, खोटं सांगणार नाही' हे त्यांनी किती जणांकडून म्हणवून घेतलं असेल, याचा त्यांनाही अंदाज नव्हता. मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा एकदा भाबडेपणाने विचारलं, "नाना, मग लोक खरं बोलायचे का हो?" ते म्हणाले, "छे. निम्मे धडधडीत खोटं बोलायचे." मग शपथेचा उपयोग काय, असं मी म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "सूनबाई, शपथ न घेतलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला वाटतं, आपण नुसतं बोलतोय. शपथ घेतलेल्याला ठाऊक असतं, की आपण खोटं बोलतोय. फरक एवढाच आहे. पण तो पुरतो."

मला तेव्हा ते काही फारसं कळलं नाही. भाकऱ्या करायच्या राहिल्या होत्या.

माझं राजकारण म्हणजे आरक्षणाची सोडत. आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला आणि ज्या तिकिटासाठी आमच्या यजमानांनी चार वर्षं लोकांची बारशी, लग्नं, दहावे एकही न चुकवता गाठले होते, ते माझ्या पदरात पडलं. फ्लेक्सवर फोटो माझा होता, फक्त त्यांचा जरा मोठा होता. मी बारावी शिकलेली, माहेर लोणी काळभोरचं, दोन मुलांची आई. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. पण प्रचारात उमेदवाराला फारसं बोलावं लागत नाही. हात जोडायचे, वयस्कर बाईच्या पाया पडायचं आणि पुढच्या दारात जायचं. ते मी मन लावून केलं.

मतदानाच्या आधी आमच्याकडे एक रीत आहे. भावकीतल्या कर्त्या पुरुषांना देवळात बोलावतात आणि बेल-भंडारा उचलायला लावतात. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घ्यायचा आणि 'मत तुम्हालाच' असं देवासमोर म्हणायचं. ज्याने भंडारा उचलला तो फिरत नाही असं समजतात, आणि बहुतेक जण फिरत नाहीतही. त्या दिवशी भैरवनाथाच्या देवळात तीस-चाळीस माणसं होती. एकेक जण पुढे होऊन पान उचलत होता. नानांची पाळी आली तेव्हा ते जागचे हललेच नाहीत.

"नाना, उचला की. घरचीच सून हाय, काय हाय त्यात?" कोणीतरी म्हणालं.

"मत मी देईन," नाना म्हणाले. "पण पद तिला आणि शपथ मला, हा कुठला न्याय? कोर्टात साक्ष ज्याची असते शपथ त्याला देतात. बाकड्यावर बसलेल्या लोकांना देत नाहीत."

देवळात हशा पिकला. आमचे यजमान अशा वेळी फार हुशार. ते म्हणाले, "बरं नाना, निवडून आल्यावर तिलाच उचलायला लावा मग. तुमच्या हातानं." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा माणूस पुढे झाला. यजमानांना वाटलं विषय मिटला. नानांच्या बाबतीत विषय असा मिटत नसतो, हे पुतण्याला ठाऊक असायला हवं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात. धुतलेलं धोतर, टोपी, हातात फुलस्केप कागदाची घडी. माझ्या केसांतला गुलाल अजून निघाला नव्हता. आमदाराला सभागृहात शपथ देतात. नगरसेविकेला असं काही असतं की नाही कोण जाणे, मला तरी कोणी दिली नाही. नानांच्या मते ती उणीव होती आणि ती भरून काढणं त्यांच्या कामात बसत होतं. देवळात नेहमीची माणसं जमली. मी बेलाचं पान हातात घेतलं आणि नाना एकेक तुकडा सांगतील तसं म्हणत गेले. उखाणा घ्यायला लावल्यावर नवरी जशी खाली बघून पटकन उरकते, तसंच. तीनच वाक्यं होती. वॉर्डाचं काम मी कोणाविषयी ममत्व किंवा आकस न ठेवता करीन. त्या 'कोणाविषयी'त माझं सासर आणि माहेर धरलेलं आहे. आणि जे मला ठाऊक आहे ते, विचारलं असता, लपवणार नाही. दुसऱ्या वाक्याला यजमान जरा चुळबुळले, पण समोर फोटोग्राफर होता. नंतर सगळ्यांना पेढे वाटले. तो फोटो दुसऱ्या दिवशी भावकीच्या ग्रुपवर फिरला आणि खाली बऱ्याच जणांनी 'अभिनंदन वहिनीसाहेब' लिहिलं.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून नाना येऊ लागले. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर जनसंपर्क कार्यालय थाटलं होतं. बाहेरून जिना, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि नंबराच्या चिठ्ठ्या. नाना चुलत सासरे. सरळ स्वयंपाकघरातून वर आले असते तरी कोणी अडवलं नसतं. पण ते बाहेरच्या जिन्याने यायचे, चिठ्ठी घ्यायचे आणि पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बायकांच्या मधे बसायचे. नंबर आला की माझ्यासमोर बसून 'आपण' म्हणून बोलायचे. "गेल्या महिन्यात आपण शपथेला धरून काय केलंत? आणि सोडून काय केलंत?" बस, एवढंच. मी सांगायचे: गटाराचे दोन चेंबर दुरुस्त केले, शाळेसमोर दिवा बसवला. ते ऐकून घ्यायचे. काही लिहून घेत नसत. काम झालं की बाहेरच्या जिन्याने उतरायचे, घराला वळसा घालायचे आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायचे. "सूनबाई, चहा टाक जरा. घसा कोरडा पडला." मला सुरुवातीला हसू यायचं. वर 'आपण' आणि पाच मिनिटांनी खाली 'टाक'. एकदा मी चिडवलं, "नाना, वर नगरसेविकेला सांगितलं असतंत तर तिनेही चहा मागवला असता." ते म्हणाले, "साक्षीदाराकडचा चहा कारकुनाने घेऊ नये. सुनेकडचा चालतो."

एकदा मी मोठ्या उत्साहाने त्यांना बसथांब्याजवळची नवी बाकडी दाखवायला नेलं. प्रत्येक बाकड्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'सौ. शोभाताई यांच्या प्रयत्नातून'. नाना एका बाकड्यावर बसले, हाताने चाचपून पाहिलं, चांगलं आहे म्हणाले. मग म्हणाले, "आपल्या नावाला पाठ लावून बसायचं म्हणजे जरा अवघडच आहे." मी घरी येऊन आठ दिवस धुमसले. मग रंगारी बोलावून नाव पुसून घेतलं. यजमानांनी दोन दिवस अबोला धरला. पण त्यानंतर बाकड्यांवर बसणारी माणसं मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागली, आणि तो नमस्कार पाया पडण्याच्या नमस्कारापेक्षा मला जास्त आवडला.

खरं सांगायचं तर, त्या सोमवारांनी मला कामाला लावलं. बैठकीच्या आधी घरी जी कार्यपत्रिका येते, ती पूर्वी यजमान वाचायचे आणि कुठे हात वर करायचा ते मला सांगायचे. नाना विचारतील या धाकाने मी ती स्वतः वाचू लागले. शब्द अडले की त्यांनाच विचारायचे, तेवढं मात्र स्वयंपाकघरात. बैठकीत मी पहिला प्रश्न विचारला तो सार्वजनिक शौचालयाच्या दारांबद्दल होता. तिथे दारंच नव्हती. आठ दिवसांत दारं बसली. पुढच्या सोमवारी मी ते सांगितलं. खाली आल्यावर नानांनी चहाबरोबर खारी मागून घेतली. ते खारी मागायचे नाहीत कधी. मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मग ओढ्याचा प्रस्ताव आला.

गावातला ओढा म्हणजे आता लोकांना नाला वाटतो, पण मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला वाहतं पाणी होतं आणि दिवाळीच्या आधी गावातल्या सगळ्या बायका गोधड्या धुवायला तिथेच जायच्या. आमची एक जमीन त्याच्या काठाला आहे. ती इमारतींसाठी द्यायचं घरात ठरलं होतं. ओढ्याला भिंत घालून त्याचं पात्र बांधून काढायचं, आणि ते बांधताना जरा अरुंद दाखवायचं, की आमच्या बाजूला आणखी एक इमारत बसत होती. प्रस्ताव कागदावर अगदी साळसूद होता, 'ओढ्याचे सुशोभीकरण'. जुन्या नकाशात ओढा म्हणजे नुसती एक निळी रेघ. रुंदी कोणी लिहून ठेवलेली नव्हती. आदल्या दिवशी यजमान म्हणाले, "तुला कोणी खोटं बोलायला सांगत नाहीये. फक्त काही बोलू नकोस. जमीन शेवटी आपल्या पोरांचीच आहे ना?" मी पोरांची ताटं वाढायला घेतली.

बैठकीत एक अधिकारी होते, नव्याने बदलून आलेले. बाकी सगळे माना हलवत असताना त्यांनी कागदावरून नजर उचलली आणि विचारलं, "इथं ओढ्याची मूळ रुंदी किती होती? स्थानिक सदस्यांना काही माहिती?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या ओढ्यात उभी राहून गोधड्या धुतल्या होत्या. दोन बायका दोन काठांवर उभ्या राहून पिळायच्या म्हटलं तर एक गोधडी अर्ध्यातही पोचायची नाही, हे मला ठाऊक होतं. ओढा मोजलासुद्धा होता एकदा. सासूबाईंच्या नव्या नऊवारीचं टोक धरून मी आणि नानांच्या घरच्या अनसूयाकाकी, दोघींनी गंमत म्हणून तो मोजला होता. नऊवारी पुरली नव्हती. कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताने मग आम्ही ती जागा भरत नेली होती आणि अठ्ठावीस हात झाले होते. हे सगळं त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी म्हणाले, "नाही." इतिवृत्तात नोंद झाली: स्थानिक सदस्यांची हरकत नाही.

पुढच्या सोमवारी नानांचा नंबर सातवा होता. समोर बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "ओढा किती रुंद होता?" मी टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हटलं, "आठवत नाही, नाना." "बरं," म्हणाले आणि उठले. बाहेरच्या जिन्याने उतरले. मी पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात गेले, चहाचं आधण ठेवलं... ते आलेच नाहीत. खिडकीतून बघितलं तर ते खालच्या आळीकडे चालत निघाले होते. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. बाकी काही बदललं नाही. लग्नकार्यात भेटले की मुलांची चौकशी करायचे, माझ्या धाकट्याच्या परीक्षेच्या दिवशी देवळात नारळ ठेवून आले. फक्त पहिल्या सोमवारी यायचे, चिठ्ठी घ्यायचे, विचारायचे, आणि माझं 'आठवत नाही' घेऊन परत जायचे.

मला त्यांचा राग यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "नाना, तुम्हाला जर वाटतंय मी खोटं बोलते, तर सांगा ना जाऊन सगळ्यांना. वर्तमानपत्रात द्या. कोर्टात जा." ते म्हणाले, "कोर्टातच होतो मी आयुष्यभर. तिथं दुसऱ्याने सांगितलेलं पुराव्यात धरत नाहीत." मग चिठ्ठी टेबलावर ठेवून, "आणि ते आपण सांगायचं आहे. मी सांगितलं तर आपल्याकडून ते हिसकावून घेतल्यासारखं होईल."

भिंत झाली. इमारती झाल्या, त्यांना इंग्रजी नावंही मिळाली. एका पावसाळ्यात ओढ्याला जागा पुरेना आणि पाणी खालच्या आळीत शिरलं. जीव कोणाचा गेला नाही, पण धान्याच्या कणग्या, पोरांची पुस्तकं, गाद्या सगळं चिखलात गेलं. नानांच्या घरात गुडघाभर पाणी होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही शिरलं. खालच्या आळीतल्या लोकांनी भिंत मागे घ्यावी म्हणून अर्ज केला, सुनावण्या सुरू झाल्या. प्रत्येक सुनावणीत एकच गोष्ट आडवी यायची. ओढा पूर्वी रुंद होता असं आळीतले लोक म्हणणारच, त्यांचा तो स्वार्थ. पण त्यांच्याच नगरसेविकेने तर हरकत घेतलेली नाही, तसं लेखी आहे. माझा तो एक 'नाही' आळीतल्या आठ घरांच्या उंबऱ्यावर आडवा पडला होता. नानांनी मला हे कधी ऐकवलं नाही. ते मला आळीच्या वकिलाच्या कारकुनाकडून कळलं.

माझी मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले, आणि मी फ्लेक्सवरून उतरले. वरच्या कार्यालयात यजमानांनी जमीन-घरांच्या व्यवहाराचं ऑफिस काढलं. प्लास्टिकच्या खुर्च्या तेवढ्या राहिल्या. पहिल्या सोमवारी नाना आले. चिठ्ठ्या आता नव्हत्या, तरी ते थोडा वेळ खुर्चीवर बसून राहिले, नंबर असल्यासारखे. मी म्हटलं, "नाना, आता मी नगरसेविका नाही."

"शपथेत मुदत लिहिलेली नव्हती," ते म्हणाले. आणि विचारलं.

शेवटची भेटही सोमवारचीच. हातात काठी आली होती, जिना चढायला बराच वेळ लागला. मला ऐकवेना तो काठीचा आवाज. मी म्हटलं, "नाना, तुम्ही नका येत जाऊ. मीच येत जाईन खाली, पहिल्या सोमवारी." मी ते मनापासून म्हटलं होतं. ते हसले. "नको. आपण आलात तर ती भेट होईल. मी आलो तर ते विचारणं असतं." मग नेहमीचा प्रश्न. मी, "आठवत नाही." ते उठले, दाराशी गेले आणि मागे वळून म्हणाले, "गुडघा फार दुखतो गं." इतक्या वर्षांत वरच्या खोलीत पहिल्यांदाच ते मला 'गं' म्हणाले होते. मी त्यांना हाताला धरून खाली सोडायला हवं होतं. मी दारातच उभी राहिले.

त्यानंतरचा पहिला सोमवार आला तेव्हा नाना जाऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. मी सकाळपासून उगाचच वरच्या खोलीत जाऊन बसले होते. अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. अनसूयाकाकी होत्या, नानांच्या पत्नी. कपाळ मोकळं, हातात पिशवी. बाजारात निघाल्या होत्या म्हणाल्या. नाना बसायचे त्याच खुर्चीत बसल्या, त्यांना ते ठाऊकही नसेल. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "एक इचारू का गं? हे दर महिन्याला तुझ्याकडं येऊन बसायचे. घरात कधी बोलले न्हाईत, काय काम असतं म्हणून. मी इचारलं तर म्हणायचे, कोर्टाचं हाय. काय इचारायचे तुला?"

त्यांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. ज्या बाईच्या अंथरुणाखालून दोन वर्षं पाणी गेलं, तिलाही नाही. मी तेव्हा काहीही सांगू शकले असते. पेन्शनची कामं होती म्हटलं असतं तर काकींनी मान डोलावली असती आणि त्या भाजी घ्यायला गेल्या असत्या. आता मला विचारणारं जगात कोणी उरलं नव्हतं... मी म्हटलं, "काकी, ओढा किती रुंद होता, एवढंच विचारायचे."

काकी हसल्या. "अगं त्यात काय इचारायचं? अठ्ठावीस हात. आपण दोघींनी नव्हं का मोजला, तुझ्या सासूबाईंच्या लुगड्यानं?"

"मला सभेत विचारलं होतं, काकी. मी 'माहीत नाही' म्हणाले."

काकी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, किंवा रडतील. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मला बी ठाऊक हाय. आळीतल्या समद्या म्हाताऱ्यांना ठाऊक हाय. पर आम्हाला कोण इचारतंय? आम्ही काय निवडून आलो व्हतो?" आणि जिना उतरून गेल्या.

गेल्या गुरुवारी मी शिवाजीनगरला जाऊन आळीच्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र केलं. वकिलाने टाइप केलेला एक पानाचा कागद. शपथ द्यायला टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती, तिने "वाचलंय ना?" विचारलं, मी हो म्हटलं, तिने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तिची काही चूक नाही, रांग मोठी होती. पण नाना त्या टेबलाशी असते तर त्यांनी मला असं सोडलं नसतं. त्यांनी ते सगळं माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं असतं, एकेक तुकडा करून, मागच्या बाकड्यावर बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. म्हणून ते मी इथे म्हणते आहे.

आमच्या गावचा ओढा शाळेच्या मागच्या बाजूला अठ्ठावीस हात रुंद होता. तो अरुंद दाखवला जात होता तेव्हा मी तिथे हजर होते. मला रुंदी ठाऊक होती, मला विचारली होती, आणि ती सांगितली तर माझ्या सासरच्या जमिनीचं नुकसान होईल म्हणून मी 'नाही' म्हणाले. वरील मजकूर खरा आहे.

घरात हे अजून कोणाला माहीत नाही. आमच्याकडे वर्तमानपत्राची ही रविवारची पुरवणी सगळ्यांच्या आधी यजमान वाचतात, ओसरीवर, चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. आज ते वाचत असतील तेव्हा मी त्यांच्यासमोरच बसलेली असेन, म्हणजे त्यांना काही विचारायचं असेल तर मला शोधावं लागणार नाही.